रिकाम्या खोलीतला करंट

पंचवटीत भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत संजना पगारेचं दुकान आहे. दहा बाय आठची खोली, भिंतीला लागून लांब टेबल, त्यावर मान वाकवलेला दिवा आणि खिळ्यांना लटकवलेले चार्जर. आयटीआय झाल्यावर ती नऊ वर्षं सिन्नरच्या एका कारखान्यात चार्जर तपासायच्या लाइनवर होती. कारखाना बंद पडला आणि तिनं हे दुकान टाकलं. आधी फवारणीचे पंप यायचे, मग बॅटरीवरच्या स्कूटी यायला लागल्या, आणि करोनानंतर ऑक्सिजनची मशीन. खांद्याला अडकवून नेता येतं असं छोटं मशीन. माणसानं श्वास आत ओढला की ते नळीतून ऑक्सिजनची एक फुंकर देतं. लाइट असली की लाइटवर, गेली की बॅटरीवर.

जानेवारीतला गुरुवार होता. संजना दुपारी डबा उघडत होती, तेवढ्यात फोन वाजला.

"संजनाताई का? मी नाथा बोलतोय, पिंपळगावहून. वळखलं का? दोन वर्षांमागं आईचं मशीन आणलं होतं तुमच्याकडं."

संजनानं डब्याचं झाकण परत लावलं. "ओळखलं, नाथाभाऊ. बोला."

"आई तर गेली. मशीन तसंच पडून हाय. वस्तीवर एका माणसाला लागतंय आता, त्याला द्यावं म्हणलं. पण चार्जिंगचा घोळ हाय. इथं बाजारात एकाकडं नेलं, तर त्याच्याकडं समदं बरोबर चालतंय. घरी आणलं की बिघडतंय."

"म्हणजे काय होतं?"

"बॅटरी काढून बाजूला ठेवली तरी चार्जर चार्जिंग दाखवतोय." नाथा जरा थांबला. "ते पण एकाच खोलीत. बाकी घरात कुठंबी लावा, गप असतो. काम तुम्हीच केलं होतं, म्हणून म्हणलं तुम्हालाच दाखवावं."

वेळ नाही म्हणून टाळता आलं असतं. पण 'काम तुम्हीच केलं होतं' हे ऐकल्यावर संजनाच्या तोंडून नाही निघालं नाही. चारपर्यंत येते म्हणाली. डबा तसाच राहिला.

ते काम काय होतं, हे इथंच सांगायला हवं.

लिथियमची बॅटरी जपून भरावी लागते. चार्जर आधी भरपूर करंट देतो, आणि बॅटरी भरत आली की हात आखडता घेत शेवटी थांबतो. पण त्याला आतलं काही दिसत नसतं. बॅटरीच्या पोटात ज्वारीच्या दाण्याएवढा एक मणी असतो, थर्मिस्टर म्हणतात त्याला. आत किती गरम झालंय हे तो चार्जरला सांगत राहतो. बॅटरी तापली की चार्जर करंट कमी करतो.

नाथानं दोन वर्षांपूर्वी त्याच्या आईचं, भिमाबाईचं, मशीन आणलं, तेव्हा तक्रार एवढीच होती की रात्रभर लावलं तरी बॅटरी भरत नाही. संजनानं मीटर लावलं. दोन अँपिअर जायला हवेत तिथं दोन दशांशसुद्धा जात नव्हते. तिनं बॅटरीच्या पॅकवर हात ठेवला, तर तो कोमट लागला. त्यातला एक सेल आतून खराब झाला होता आणि भरताना तापत होता. मणी ते खरं सांगत होता आणि चार्जर शहाण्यासारखा हात राखून होता. सेल बदलायला हवा होता, पण सेल मुंबईहून यायला आठ दिवस लागणार होते. आणि नाथा समोर उभा होता. "ताई, आज होईल तेवढं करा. आमच्याकडं लाइटीचा काय भरवसा नाय."

संजनानं मण्याची तार कापली आणि त्या जागी दहा किलो-ओहमचा साधा रेझिस्टर जोडला. आता बॅटरी तापो की जळो, चार्जरला सदा एकच बातमी मिळणार होती की सगळं गार आहे. करंट लगेच दोन अँपिअरवर गेला. तासाभरानं हिरवा दिवा लागला.

"झालं," ती म्हणाली. "बिनधास्त वापरा."

सेल आले की फोन करून बोलवू, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. सेल आले, दुसऱ्या कामाला लागले, फोन राहिला. उलट तिला वाटलं, चाललंय की. मग घाईतल्या गिऱ्हाइकांना ती तेच करून द्यायला लागली.

मे महिन्यात भर दुपारी नाथाच्या मळ्यातली लाइट गेली. हिरवा दिवा दाखवणारी बॅटरी सहा मिनिटांत बसली. भिमाबाई गेल्या. संजनाला हे दोन महिन्यांनी, त्याच गावच्या एका गिऱ्हाइकाकडून, बोलता बोलता कळलं. मशीन जुनं होतं, म्हातारी थकली होती, असं तो म्हणाला. तिनं मान हलवली. त्यानंतर तिनं तो रेझिस्टर कुठल्याच मशीनला लावला नाही. पण आधी लावलेले काढायलाही ती गेली नाही. फोन करायचा म्हणजे कारण सांगावं लागणार होतं. उद्या करू, परवा करू, असं करता करता दोन वर्षं गेली.

संजना साडेतीन वाजता ओझर ओलांडून पुढं गेली. हायवेला कांद्याचे टेम्पो लागले होते. पिंपळगावच्या पुढं डावीकडं वळून दोन किलोमीटरवर नाथाचा मळा. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे बाग, घडांना कागद बांधलेले, आणि लांब कुठंतरी फवारणीच्या ट्रॅक्टरची घरघर. थंडी अशी की स्कूटी थांबवली तेव्हा तिची बोटं ब्रेकवरून सुटेनात.

नाथा पन्नाशीचा, उंच, बोलताना खाली बघणारा माणूस. बायकोनं चहा आणला. आईच्या आजारपणात कोण कोण मदतीला आलं हे तो सांगत बसला, आणि त्यात त्यानं संजनाचंही नाव घेतलं. "तुम्ही त्या दिवशी अर्ध्या दिवसात करून दिलं नसतं, तर आईला पुढचे दोन महिने पण मिळाले नसते."

संजनानं कप तसाच खाली ठेवला. "मशीन दाखवा," ती म्हणाली.

खोली घराच्या मागच्या अंगाला होती. आत द्राक्षाचे रिकामे क्रेट रचलेले, कोपऱ्यात गंधकाची पोती, आणि खिडकीखाली लोखंडी खाट. खाटेवर गादी होती, पण पांघरुणं घडी करून पायथ्याशी ठेवलेली. गंधकाचा वास नाकात जात होता, आणि त्याच्या खालून दुसरा, शिळा, गोडसर वास. खूप दिवस अंथरुणावर असलेल्या माणसाच्या खोलीला येतो तसा. दोन वर्षांत तो जायला हवा होता.

नाथा उंबऱ्यावरच थांबला. "आम्ही ह्या खोलीत झोपत नाय कोणी," तो हळूच म्हणाला.

संजनानं स्टुलावर सामान मांडलं. चार्जर भिंतीच्या प्लगला लावला. बॅटरी काढून लांब क्रेटवर ठेवली. मशीन बंद, पिशवीत. चार्जरच्या वायरीची दोन टोकं मोकळी होती, त्यांना काही जोडलेलं नव्हतं. अशा वेळी करंट शून्य असतो. शून्यच असायला पाहिजे, कारण जायला वाटच नसते.

तिनं चार्जरच्या आतच मीटर जोडलं.

शून्य पॉइंट एक. तीन. सहा. मग खाली. चार, दोन, एक. थांबला. पुन्हा वर.

"बघा," नाथा म्हणाला. "असंच करतोय."

संजनानं जे करायचं असतं ते सगळं केलं. मीटरच्या पिना बदलल्या. मीटरच बदललं, दुसरं जुनं काट्याचं आणलं होतं ते लावलं, तर काटाही तसाच डुलायला लागला. चार्जर उघडून कपॅसिटर तपासले, कुठं फुगलाय का, कुठून गळतोय का. सोल्डरचे जोड नव्यानं गरम करून घेतले. दुसरा चार्जर, स्वतःच्या दुकानातला, कोरा, तो लावून बघितला. त्याचा काटाही वर गेला, खाली आला, थांबला, वर गेला.

मग ती नुसती बघत बसली. काट्याची ही चाल तिच्या ओळखीची होती. ऑक्सिजनचं मशीन चालू असताना, नळी लावलेल्या माणसानं श्वास ओढला की मशीन फुंकर देतं आणि करंट असाच उसळतो. श्वास सोडला की उतरतो. दुकानात मशीन तपासताना ती स्वतः नळी नाकाला लावून हेच बघायची. तिनं घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला सव्वीस. धडधाकट माणसाचे पंधरा-सोळा असतात. हे कुणीतरी धापा टाकत होतं.

"नाथाभाऊ, मशीन बंद आहे ना?"

"बंदच हाय की. पिशवीत हाय."

संजनानं बॅटरी जवळ ओढली आणि पॅकचं झाकण उघडलं. तो तिथंच होता. तपकिरी, काळा, नारिंगी पट्टा असलेला रेझिस्टर, आणि त्याच्या दोन्ही टोकांना तिच्या हातचे घाईचे, गोळा झालेले सोल्डरचे जोड.

नाथा उंबऱ्यावरून वाकून बघत होता. "ते काय हाय ताई? असं वरून चिकटवल्यासारखं?"

"काही नाही," ती म्हणाली. "जुना पार्ट आहे. कंपनीचाच."

काटा वर गेला आणि वरच राहिला. एक अँपिअर, दीड, दोन. चार्जर गुणगुणायला लागला. मग काटा एकदम खाली पडला आणि तिथंच राहिला. खोलीत कसलाच आवाज नव्हता. ट्रॅक्टरची घरघरही थांबली होती. संजनाच्या लक्षात आलं की तीसुद्धा श्वास रोखून बसली आहे. मग काटा थरथरला आणि पुन्हा हलायला लागला. आता मिनिटाला तीसच्या वर.

"हे काय चाललंय, ताई?"

"बघते."

आधी हे काढू, एवढंच तिला सुचलं. तिनं रेझिस्टर उपटला, पिशवीतून नवा थर्मिस्टर काढला, खात्री करायला दुसऱ्या मीटरला लावला. खोलीत पंधरा अंश असतील. थंडीत त्याचा आकडा चढतो, ऊब लागली की उतरतो. मीटरनं पंधरा पॉइंट सात किलो-ओहम दाखवलं. बरोबर होतं. चिकटपट्टी शोधायला हात मोकळा हवा होता, म्हणून तिनं तारेसकट तो मणी खाटेवर, गादीवर ठेवला आणि पिशवीत वाकली.

पट्टी घेऊन वर बघितलं तर मीटर बारा दाखवत होतं.

मग दहा. मग आठ. आकडा एकेक पायरी उतरत होता, घाई न करता. सात. सहा पॉइंट पाच. सहावर येऊन थांबला.

सहा म्हणजे सदतीस अंश. संजनाला तक्ता पाठ होता. कारखान्यात नऊ वर्षं हेच आकडे बघितले होते. सदतीस म्हणजे माणसाचं अंग.

खाट रिकामी होती. पांघरुणं पायथ्याशी तशीच घडीत. तिनं हात पुढं केला. गादी बर्फासारखी गार होती, कडेला, पायाकडं, भिंतीकडं. मण्याच्या जवळ मात्र गादी मधोमध जरा खोल गेलेली होती, एखाद्या बारीक बाईच्या पाठीएवढी, आणि त्या खळग्यात तिचा तळहात उबेत बुडाला. ताप असलेल्या अंगाची ऊब. मीटर आणखी उतरलं. पाच पॉइंट सहा.

तिनं हात मागं घेतला नाही. घ्यावासा वाटला, पण घेतला नाही.

"नाथाभाऊ," ती म्हणाली, आणि स्वतःचा आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला. "तो पार्ट कंपनीचा नाही. मी लावला होता."

"बरं..." नाथा म्हणाला. त्याला काही समजलं नव्हतं.

"आईंची बॅटरी खराब होती. मला त्या दिवशी कळलं होतं. चार्जर बरोबर होता, तो तिला जपत होता. मी त्याला फसवलं. खोटी बातमी दिली, म्हणून तो हिरवा दिवा दाखवायला लागला. आत काही भरतच नव्हतं, नुसती तापत होती. तुम्हाला म्हणाले बिनधास्त वापरा. सेल बदलायचे होते, बोलावलं नाही. नंतर आई गेल्याचं कळलं. तरी बोलले नाही."

ती बोलत होती तसा मीटरवरचा आकडा चढायला लागला. सहा. साडेसात. नऊ. तळहाताखालची ऊब निघून चालली होती. चार्जरचा काटा संथ झाला. वीस. पंधरा. मग एकदा वर आला, सावकाश खाली गेला, आणि शून्यावर टेकला. तिनं वाट बघितली. तो हलला नाही. गादी आता सगळीकडून सारखी गार होती.

नाथा उंबरा ओलांडून आत आला. क्रेटवर बसला. मग त्यानं विचारलं, "लाइट गेल्यावर किती वेळ चालली असंल ती?"

"पाच-सहा मिनिटं, फार तर."

"मी मोटर बंद करायला गेलो होतो. लाइट गेली तशी मोटर बंद पडली, पण आली की आपोआप सुरू होती, म्हणून बटण पाडायला. आईला सांगून गेलो, हिरवा दिवा हाय, आलोच. येता येता शेजारच्याशी दोन शब्द बोललो." त्यानं हाताचे पंजे गुडघ्यांवर घट्ट दाबले होते. "दोन वर्षं झाली. बायकोला पण सांगितलं नाय मी. मला वाटायचं, मी बोलत उभा राहिलो म्हणून ती गेली. चार तासांची बॅटरी, अन् मी कुठंतरी वायर हलवली असंल, कायतरी चुकवलं असंल... रोज ह्या दाराशी येऊन उभा राहतो. आत पाय टाकवत नव्हता."

भिमाबाईच्या मरणाचं ओझं संजनानं दोन वर्षं वागवलं होतं. पण तिच्या गप्प बसण्याचं ओझं हा माणूस वागवत होता, आणि ते तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"असं अजून किती जणांना करून दिलंय?" नाथानं विचारलं.

"अकरा."

"ती माणसं जिती हायत?"

"माहीत नाही."

नाथानं पहिल्यांदाच तिच्याकडं सरळ बघितलं. त्या नजरेत राग होता का, हे तिला सांगता आलं नसतं. "मग हितं कशाला बसलाय?" तो म्हणाला. "उठा. जा."

माफ केलं असं तो म्हणाला नाही. तिनंही मागितलं नाही.

हायवेला लागायच्या आधी, रस्त्याच्या कडेला स्कूटी लावून संजनानं फोन करायला सुरुवात केली. दिवेलागण झाली होती, बागांवर धुकं उतरत होतं. दुकानातल्या कामाची, गिऱ्हाइकांचे नंबर लिहिलेली कार्डं तिनं मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवलेली होती. एकेकाला तेच सांगायचं, की मी चूक केली आहे, बॅटरी लगेच काढा, मी येते. दोघांनी शिव्या दिल्या. एका बाईनं विचारलं, "मग इतके दिवस झोपला होतात का?" एक मशीन विकून टाकलेलं, त्याचा नवा मालक शोधावा लागला. एका घरी माणूस वर्षभरापूर्वीच गेलेला होता. "झोपेतच गेला," मुलगी म्हणाली. कशानं, ते संजनानं विचारलं, आणि मुलीला माहीत नव्हतं. तिथून निघाल्यावर संजना बराच वेळ जिन्यात बसून राहिली.

तीन दिवसांत दहा झाले. ती नवे सेल घालून देत होती, मणी परत जोडत होती, करंट चढताना आणि उतरताना शेवटपर्यंत बघून मगच उठत होती.

अकरावा सिन्नरचा होता. कारभारी नावाचा म्हातारा, औद्योगिक वसाहतीत दगड घासायच्या कामावर आयुष्य काढलेला, फुप्फुसं धुळीनं गेलेली. त्याचा नंबर बंद होता. पत्ता जुना. चौथ्या दिवशी सकाळी आठला, दोन गल्ल्या विचारत विचारत, संजना त्याच्या नव्या खोलीच्या दाराशी पोचली. बरोबर तयार केलेला एक पॅक होता.

आतून मशीनची फुस्स, फुस्स ऐकू येत होती. तिचा जीव भांड्यात पडला. तिनं दार ढकलून पाय आत टाकला, आणि आवाज थांबला. मशीननं एक लांब शिट्टी दिली आणि त्याची आकडे दाखवणारी पट्टी काळी झाली.

"अहो! बंद पडलं हे!" चुलीपाशी बसलेली म्हातारी, कारभारीची बायको कुसाबाई, धडपडत उठली.

संजना बोलत बसली नाही. जुना पॅक खेचून बाहेर काढला, नवा सरकवला, बटण दाबलं. मशीन घरघरलं आणि फुंकर सुरू झाली. कारभारीची छाती वरखाली व्हायला लागली तेव्हा कुठं तिनं आपण कोण, कशाला आलो ते सांगितलं.

"प्लगला का नाही लावलं, मावशी?"

"लाइट कुठं हाय? कालच्याला सांजच्यालाच डीपी जळाला गल्लीचा. अजून नाय आली."

"मग रात्रभर..."

"रातभर चालू होतं की हे. मी जागीच होते. आवाज येत होता चांगला. आत्ता तुम्ही दारात आला अन् बंद पडलं."

संजनानं जुना पॅक हातात घेतला. तो मधोमध फुगून फाटला होता, चिरेतून गोडसर वास येत होता. आत तिचा रेझिस्टर जळून कोळसा झालेला. तिनं मीटर लावलं. शून्य. पॉइंटनंतरही शून्य. अशी बॅटरी एका रात्रीत होत नाही. ही पंधरा दिवसांपूर्वीच मेली असणार. काल संध्याकाळी लाइट गेली त्या क्षणी मशीन बंद पडायला हवं होतं.

खाटेवरून कारभारीनं बोट हलवलं. ती जवळ गेली, खाली वाकली.

"ती बाई... गेली का?"

"कोण बाई, बाबा?"

"रातभर उशाशी होती... मला वाटलं, हीच हाय. पण हिचा हात तर माझ्या हातात होता..." तो थांबला, मशीननं दोन फुंकरा दिल्या, मग पुढं बोलला. "दम लागला होता तिला लय. माझ्याहून जास्त. तरी माझ्या तोंडावर फुंकत होती. अन् मोजत होती..."

"काय मोजत होती?"

"एक... दोन... तीन... असं. बारापर्यंत. बारा झालं की परत एकपासनं."

"अकरा असतील, बाबा," संजना हळू आवाजात म्हणाली. "नीट आठवा. अकरा."

म्हाताऱ्यानं नाही म्हणून मान हलवली. "बारा. रातभर ऐकलंय मी. बाराला आली की ती थांबायची... दम धरून. लय वेळ थांबायची..."

संजना त्या दिवशी दुकानात परत आली ती सरळ कार्डांच्या डब्याकडं गेली. तीन वर्षांची कार्डं तिनं जमिनीवर पसरली. पुन्हा पुन्हा बघितली. नंतरच्या दिवसांत जुन्या फोनमधले फोटो बघितले, घेतलेल्या सामानाच्या पावत्या बघितल्या, बाजारातल्या दोन-तीन दुकानदारांना विचारलं, कधी कुणाचं मशीन माझ्याकडं पाठवलं होतंत का. नावं अकराच निघतात. भिमाबाईचं त्यात धरलेलं नाही; ते धरलं तर बारा होतात, पण गेलेली बाई स्वतःसाठी दम धरून थांबणार नाही, असं तिला वाटतं. कधीतरी गर्दीत, कार्ड न लिहिता, पाच मिनिटांत जोडून दिलेलं एखादं काम असेल. तिला चेहरा आठवत नाही. बाई होती की पुरुष, तेही आठवत नाही.

दुकानाच्या दारावर तिनं कागद लावला आहे. स्वतःच्या हातानं, मोठ्या अक्षरांत लिहिलेला. 'माझ्याकडून ऑक्सिजन मशीनची बॅटरी दुरुस्त करून नेली असेल, तर हिरव्या दिव्यावर विश्वास ठेवू नका. मला फोन करा.' खाली नंबर.

फोन अजून आलेला नाही. पंचवटीत लाइट गेली की गल्लीतले दुकानदार बाहेर येऊन गप्पा मारत उभे राहतात. संजना आत अंधारात बसून असते, आणि लाइट परत येईपर्यंत तिला पुरता श्वास घेता येत नाही.